मंगळवारचा ओवा

डोळे मिटून, ओट्याला पाठ टेकवून चारुशीला म्हणाली, "ओवा." आणि माझ्या चिमटीत सब्ज्याचं पान होतं.

एवढंच घडलं. मंगळवार, सकाळचे सव्वासात. गॅसवर चहा उकळत होता, नळाला नवव्या दिवशी पाणी आलं होतं म्हणून गल्लीभर मोटारी घुरघुरत होत्या, आणि आपली बायको गेली अडीच वर्षं रोज सकाळी आपल्याशी खोटं बोलत आली आहे, हे मला कळलं. मी "बरोबर" म्हणालो. सवयीनं म्हणालो. सवयीनंच फ्रीजवरची वही काढली, तारीख टाकली आणि पुढं 'ओळखले' असं लिहूनसुद्धा मोकळा झालो. मग पेन हातात धरून तसाच उभा राहिलो. चौतीस वर्षं मी महसूल खात्यात काढली, शेवटची अकरा तर लोहारा तहसीलला अव्वल कारकून म्हणून. दुसऱ्यांनी केलेल्या खोट्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्या, काही पचवल्याही, पण स्वतःच्या हातानं कधी केली नव्हती. ती आज केली. निवृत्तीनंतर, स्वयंपाकघरात, स्वतःच्या बायकोच्या नाकाबाबत. चारुशीलानं डोळे उघडले, माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चहा घ्या. निवंल." मी कप घेऊन बाहेर बागेत गेलो. चहा कसा होता ते आठवत नाही.

बाग म्हणजे घरामागची दहा बाय बाराची जागा. रंगाचे रिकामे डबे, तळ फुटलेली बादली, उत्कर्षच्या जुन्या स्कूटरचे दोन टायर, आणि त्यांत जमेल ते. आमच्या धाराशिवात पाण्याची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं असं सगळं पाणी या डब्यांत जातं. हा नाद मला आधी नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही तापानं पडलो. मी उठलो तो नुसता अशक्त होऊन. चारुशीला उठली ती वास गमावून. नाक आपल्या जागी होतं, चांगलं सरळ, तिच्या माहेरचं. पण त्यातून काही आत जाईना. सुरुवातीला आम्ही हसलो. गल्लीतलं गटार तुंबलं तेव्हा सबंध गल्लीत ती एकटी सुखी होती. मग दूध करपायला लागलं. मग एकदा गॅस चालूच राहिला. आणि मग एका सकाळी कढईत कडीपत्त्याची फोडणी तडतडत होती आणि ती त्या कढईवर वाकून नुसती उभी होती, जिरं काळं होईपर्यंत. मी दारातून पाहिलं आणि हाक न मारता मागं फिरलो. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला औषध नाही. रोज तीव्र वासाच्या वस्तू मन लावून हुंगायला द्या, कधी कधी नस जागी होते. यातलं 'कधी कधी' मी ऐकलं नाही. 'रोज' ऐकलं. शासनाचा आदेश आणि डॉक्टरांचा सल्ला यांत मी कधी फरक केलेला नाही.

पानओव्याची फांदी शेजारच्या नीलम्मांकडून आली. त्या मुरूमकडच्या, घरात कन्नड बोलतात, आणि ओव्याला दोड्डपत्री म्हणतात. मी रीतसर मागायला गेलो तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "पंत, मागून नेल्यालं रोप कधी लागतंय व्हय? चोरून न्यावं लागतंय. म्या पाठ फिरवते, तुमी तोडा." आणि खरोखरच पाठ फिरवून, पदर खोचून, भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मला ते जमेना. नोकरीत असताना ऑफिसची टाचणी मी घरी आणली नाही. मी म्हणालो, "नीलम्मा, तोडू का?" तर त्या भिंतीशीच बोलल्या, "इचारू नका हो! इचारलं की झाली ना मागणी!" शेवटी तोडली. घाम फुटला होता. कुंपणावरून परत येताना मी चोरासारखा वाकूनसुद्धा आलो, आणि ती फांदी अशी काही फोफावली की पुढं मला माझ्या प्रामाणिकपणाबद्दलच शंका यायला लागली. पुदिना आणि मरवा मात्र मी पैसे देऊन आणले होते, तेही जगले. हे मी नीलम्मांना अजून सांगितलेलं नाही.

तर वेळापत्रक. सोमवारी पुदिना, मंगळवारी ओवा, बुधवारी गवती चहा, गुरुवारी तुळस, शुक्रवारी सब्जा, शनिवारी कडीपत्ता, रविवारी मरवा. हे मी स्वच्छ अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलं. पान चुरडून तिच्या नाकाखाली धरायचं, तिनं डोळे मिटून नाव सांगायचं, मी नोंद करायची. दर तीन महिन्यांनी क्रम बदलायचा, म्हणजे सवयीनं उत्तर येणार नाही, अशी खबरदारीही मी घेतली होती. आणि बदललेला क्रम आदल्या दिवशी तिला वाचून दाखवत होतो, कारण संबंधितास पूर्वसूचना न देता बदल करणं माझ्या स्वभावात नाही. पिंपाच्या कडेवर बसून आता मी हे सगळं एकदा उलगडून पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच प्रश्नपत्रिका तिच्या घरी पोचवत होतो. अडीच वर्षं. वहीच्या तीन वह्या झाल्या होत्या. नऊशेच्या आसपास 'ओळखले', आणि त्यातलं एकही तिच्या नाकानं ओळखलं नव्हतं; ओळखला होता तो वार. आणि आजचं बिंग फुटलं तेही माझ्या हुशारीनं नव्हे. नीलम्मांच्या नातवाला खोकला झाला म्हणून काल संध्याकाळी त्या माझ्याकडच्या ओव्याची होती नव्हती ती सगळी पानं घेऊन गेल्या; त्यांचं स्वतःचं झाड कधीच वाळलं होतं. काड्या उरल्या. तेव्हा आज सब्जा घेऊ, बदल तोंडी कळवू, असा माझा साधा विचार होता. कळवायच्या आत ती बोलून गेली.

मला राग आला होता. तो कुठं ठेवावा ते कळेना. पहिले पाच महिने ती खरं बोलत होती, "कायच नाही हो," असं म्हणून ओशाळं हसत होती. मग श्रावणातल्या एका सोमवारी थांबून थांबून म्हणाली, "पुदिना... का?" त्यातला 'का' मी वहीत घेतला नाही. कुंथलगिरीचे पेढे आणले, दोन्ही बाजूंच्या दहा-दहा घरांत वाटले. उत्कर्षला पुण्याला फोन केला. डॉक्टरांना आभाराचं पत्र पाठवलं, पोच मागवून. गल्लीतली माणसं सर्दी झाली तरी माझ्या बागेत येऊन पान मागायला लागली, आणि मी त्यांना पान देताना जरा गंभीर चेहरा करायला शिकलो होतो. हे सगळं ती पाहत होती. पेढ्याचा डबा उघडून तिनं स्वतःच्या हातानं पहिला पेढा मला भरवला होता. कुठल्या तोंडानं भरवला असेल?

"पंत, त्या पुदिन्याला पाणी पाजायलाव का बुडवायलाव?" भिंतीपलीकडून नीलम्मा म्हणाल्या. मी खाली पाहिलं. डबा काठोकाठ भरून पाणी माझ्या चपलेवर आलं होतं, आणि चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. मी झारी ठेवली. माणसाला कधी तरी कुणाला तरी विचारावंसं वाटतं. मी म्हणालो, "नीलम्मा, समजा तुमच्या घरचं माणूस तुमच्याशी अडीच वर्षं रोज खोटं बोललं, तर तुम्ही काय कराल?" त्यांनी वाळत घालायचं लुगडं झटकलं. "अडीचच?" त्या म्हणाल्या. "आमचे मालक बत्तीस वर्षं झाली 'धा मिनटांत आलो' म्हणायलेत. कोण धरून बसतंय? तुमी त्या झाडाला जगू द्या आधी." यातून काही निष्पन्न होण्यासारखं नव्हतं.

घरात गेलो तर चारुशीलानं पिशवी पुढं केली. मंगळवारचा तिचा उपास असतो, तुळजापूरच्या देवीचा, लग्नाआधीपासूनचा. भगर संपली होती, शेंगदाणे आणायचे होते. मी चौकापर्यंत गेलो आणि सगळी वाट मनातल्या मनात तिची उलटतपासणी घेत राहिलो. रविवारचा मरवा? तिच्या आवडीचा. तो हुंगताना तर ती नुसतं नाव सांगून थांबायची नाही, "अगदी लग्नघरासारखा," असं म्हणायची. हे जास्तीचं कशाला? नाव पुरेसं होतं. म्हणजे खोटं बोलण्यातही तिनं हात सैल सोडला होता, स्वयंपाकासारखा. मी तिच्यासमोर वही उघडी टाकणार होतो आणि म्हणणार होतो... काय म्हणणार होतो ते किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत ठरलं नाही. घरी येऊन पिशवी ठेवली. तिनं आत पाहिलं. "हे पोहे आहेत," ती म्हणाली. ती पिशवीची घडी घालत राहिली, नको इतकी नीट, आणि मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "आज वार कोणता हो?"

मला इतका राग क्वचित आला असेल. वार! अडीच वर्षं हिचं नाक वारावर चाललं होतं, आणि आता उघडपणे मलाच वार विचारत होती. आणि तेही उपासाच्या दिवशी, देवीला फूल वाहून झाल्यावर! मी दातांवर दात ठेवून म्हणालो, "मंगळवार." तिनं सुस्कारा सोडला. मला तो चोराचा सुस्कारा वाटला. "आणि आपल्या देवश्रीला कितवं लागलं?" तिनं विचारलं. देवश्री म्हणजे उत्कर्षची मुलगी, आमची नात. मी सावध झालो. नातीचं नाव मध्ये आणून ही विषय गोड करू पाहते आहे, हा डाव मी ओळखतो. कचेरीत कागद अडकला की माणसं आधी घरच्यांची चौकशी करायची. म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिलो, आणि मग तुटकपणे म्हणालो, "तिसरं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती झटकन आत गेली. पश्चात्ताप, मी म्हणालो मनात. होऊ दे.

दुपारी जेवायला बसलो. तिनं माझ्यासाठी वेगळी आमटी केली होती. पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे हिंग डोक्यात गेला. वास येत नाही म्हणून ती हिंग दोन चिमट्या जास्त टाकते, मग आपण टाकला की नाही याची खात्री वाटत नाही म्हणून आणखी एक. फोडणी जवळजवळ रोज करपते. पुदिन्याच्या चटणीत एकदा कडुनिंब गेला होता, तो मी पोळीबरोबर संपवला. "कशी झालीय?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "छान." घास तोंडातच राहिला. छान! तीन वर्षं, दोन वेळा, छान. हिशेब केला तर तिच्या नऊशेच्या पुढं माझे दोन हजार सहज निघाले असते. माझ्या खोट्याची वही कुणी ठेवली नव्हती, एवढंच. माझ्या रागातली हवा तिथं बरीचशी गेली. पण माझं खोटं वेगळं, असंही मला वाटत राहिलं. माझ्या 'छान'नं कुणाला आशा लागली नव्हती. मी रोज सकाळी उठत होतो ते तिच्या त्या एका शब्दासाठी. निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं मी अंगणात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्या एस.टी.च्या वेळा चुकतात की काय ते बघत बसायचो. मग हे नाक आलं. आपल्या हातून कुणाचं तरी काही तरी परत मिळतंय, असं मला अख्ख्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. ते आता काढून घ्यायचं, आणि तेही तिच्याच हातून. आणि खरंच सांगायचं तर माझ्या दुःखाहून मोठं असं दुसरं काही तरी होतं, त्याकडं मी सकाळपासून बघायचं टाळत होतो. तिला वास येत नव्हता. आजही येत नव्हता, कालही नव्हता. त्या कढईवर वाकून उभी राहिलेली ती तशीच तिथं उभी होती, आणि मी पेढे वाटत फिरलो होतो.

तीन वाजता उत्कर्षचा फोन आला. तो रविवारशिवाय करत नाही. "बाबा, कसे आहात? झोप लागते ना?" मग घसा खाकरून म्हणाला, "बाबा, सहज एक करा. शंभरातून सात वजा करत जा." मी म्हणालो, "कशाला?" तो म्हणाला, "सहज हो." आकड्यांना मी कधी नाही म्हणालेलो नाही. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. एका दमात. "पुढं उणेमध्ये जाऊ का?" मी विचारलं. "नको," तो म्हणाला. "आईला द्या जरा." चारुशीला फोन घेऊन थेट मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. पुण्याच्या लोकांना कामावर फार ताण असतो असं ऐकतो. मला त्याची काळजी वाटली.

दिवेलागणीला तिनं तुळशीपुढं निरांजन ठेवलं आणि मागच्या पायरीवर बसली. मी शेजारी जाऊन बसलो. वही आतच ठेवली होती; ती आणावी असं आता वाटत नव्हतं.

"मला तुझ्याशी बोलायचंय," मी म्हणालो.

"मलापण. आधी मी बोलते, आणि ते विसरू नका." तिनं माझा हात हातात घेतला. हे ती सहसा करत नाही. "घाबरू नका. उत्कर्ष शनिवारी येतोय. आपण सोलापूरला जायचंय, डॉक्टरकडं."

मला एकदम हलकं वाटलं. स्वतःहून कबूल करत होती बिचारी. "जाऊ की," मी म्हणालो. "पण ते नाकाचे डॉक्टर शनिवारी बसत नाहीत."

"नाकाचे नाही हो. डोक्याचे."

"बरोबर आहे. नस तिकडूनच येते."

"तुमच्या डोक्याचे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "सकाळी ओवा म्हणून तुम्ही भलतंच पान आणलंत! ओव्याचं पान मला ठाऊक नाही होय? भज्यांसाठी पिठात बुडवते मी ते. चांगलं जाड असतं, लव असते त्याला. हे ओठाला लागलं ते कागदासारखं पातळ. म्हणलं, ह्यांना आपल्या हातची झाडं ओळखू येईनात! तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ओवा म्हणाले, तर तुम्ही 'बरोबर' म्हणून लिहूनसुद्धा ठेवलंत. मग दोन पायांत दोन चपला. पुदिन्यात पूर. भगर सांगितली तर पोहे. आणि नातीला कितवं वर्ष ते सांगायला किती वेळ, किती वेळ हो! नुसते माझ्याकडं बघायलात!"

ओव्याची पानं नीलम्मांनी नेली म्हणून सब्जा आणला होता, एवढं मी आधी सांगून टाकलं. दिवसभर मी हिच्या नाकासाठी मरत होतो आणि ही माझ्या डोक्यासाठी. मुलानं पुण्याहून माझी परीक्षा घेतली होती आणि मी तिच्यात शंभरपैकी शंभर मिळवून वर उणेमध्ये जायची तयारी दाखवली होती. मला हसू फुटत होतं, पण ते बाहेर येण्याआधी एक विचारायचं राहिलं होतं. "पान पातळ आहे ते तुला कळलं," मी म्हणालो. "आणि वास?"

तिनं रडणं थांबवलं. माझ्याकडं पाहिलं, मग डब्यांच्या रांगेकडं.

"वास कुठला," ती म्हणाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग त्या सोमवारी पुदिना का म्हणालीस?"

"खिडकीतून तुम्हाला बघितलं होतं. त्या पुदिन्याला हात जोडून उभे होतात तुम्ही. तुळजापूरला गेलो की अर्धं लक्ष चपलांकडं असतं तुमचं, आणि इथं डोळे मिटून, ओठ हलवत... मला दया आली."

"माझी?"

"पुदिन्याची," ती म्हणाली. "इतका भार त्या एवढ्याशा रोपावर." मग नाक पुसून, गुडघ्यावर हनुवटी टेकवून, खालच्या आवाजात म्हणाली, "पुदिन्याचं काय घेऊन बसलात हो. तो नाही आला तर नाही. देवश्री झाली तेव्हा तिला मांडीवर घेतली, टाळूला नाक लावलं, तर काहीच नाही. नुसतं ऊन लागलं नाकाला. सुनेला कळू नये म्हणून 'व्वा' म्हणाले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्या दिवशी तुम्ही बारशाच्या घुगऱ्या वाटत होतात."

हे मला माहीत नव्हतं. शेजारी राहून, तीन वह्या भरून, मला हे माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. मग डोळे पुसून मी म्हणालो, "आमटीत हिंग जास्त असतो." "किती?" ती म्हणाली. "रोज." "आणि आज सांगायलात?" तिनं हात काढून घेतला, पण उठली नाही. "शनिवारी येऊ दे उत्कर्षला," ती थोड्या वेळानं म्हणाली. "रजा टाकलीय त्यानं. एकदा दाखवून घ्या, काय बिघडतंय."

बुधवारी सकाळी सातला मी बागेत होतो. तेवढ्या वेळी पाय तिथंच जातात. गवती चहाची पाळी होती. ओव्याच्या काड्यांना दोन कोवळे ठिपके आले होते. मी सगळ्या डब्यांपुढून एकदा गेलो, एकदा आलो, आणि मरव्याचा शेंडा खुडला. त्याचं काय करणार ते माहीत नव्हतं. आत गेलो तर चारुशीला ओट्याला पाठ टेकवून उभी होती. डोळे उघडे होते.

"आता कशाला ते?" ती म्हणाली.

"मला येतो ना वास," मी म्हणालो. "मी सांगतो."

"सांगा बघू." तिनं डोळे मिटले.

मी मरवा चुरडला, स्वतः हुंगला, मूठ तिच्या नाकाखाली धरली. आयुष्यभर कागद लिहिले. वास कसा लिहितात ते शिकायची वेळ कधी आली नव्हती. "मरवा," मी म्हणालो. "सुगंधी. तीव्र. थोडा गोडसर."

"अर्ज वाचायलात होय?" ती डोळे न उघडता म्हणाली.

मी परत हुंगला. "लोहाऱ्याला पहिली नेमणूक," मी म्हणालो. "लोहारा तेव्हा तालुका व्हायचा होता. नवीन लग्न. आपण अणदूरला खंडोबाला निघालो होतो, एस.टी.नं. तू आबोलीत मरवा गुंफून माळला होतास. जळकोट सोडलं आणि तुला झोप लागली, माझ्या खांद्यावर. खिडकीतून वारा येत होता, आणि दर खड्ड्याला तो वास... खड्डा आला की यायचा. नळदुर्ग गेलं. मी श्वास मोजून घेत होतो, हललो तर तू उठशील म्हणून. खांदा बधिर झाला होता. मग अणदूर आलं."

"आणि मेल्या कंडक्टरनं घंटाच मारली नाही," ती म्हणाली. "नेलं ते थेट इटकळला."

"मारली होती," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले.

"दोनदा मारली. 'अणदूर, अणदूर' म्हणून ओरडलाही. मी त्याला हातानं गप्प केलं. पुढची तिकिटं काढली."

चहा उतू जायला आला होता. तिनं मागं हात करून गॅस बारीक केला, नजर माझ्यावरच ठेवून. "दोन तास," ती म्हणाली. "दोन तास इटकळच्या फाट्यावर उन्हात उभी केलीत मला. नव्या चपलेनं टाच सोलली होती. त्या माणसाला मी चाळीस वर्षं शिव्या देत आले! खंडोबापुढं उभी राहून म्हणाले होते, ह्याच्या गाडीचे चारी टायर बसू देत म्हणून."

"ठाऊक आहे. मी शेजारीच होतो."

तिनं माझा हात झटकून टाकला, वळली, चहा गाळला, साखर घातली आहे की नाही ते आठवेना म्हणून परत घातली. कप माझ्यापुढं आदळला. मग परत ओट्याला पाठ टेकवली, माझं मनगट धरलं, मूठ ओढून नाकापाशी नेली आणि डोळे मिटून घेतले. मी उभा राहिलो. तिची छाती भरली, थांबली, हळूहळू रिकामी झाली. मी विचारलं नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "घाई करू नका. गाडी लोहाऱ्यातनं सुटली तिथनं."